गव्हाच्या शेतातले दोन उजेड

तो उजेड परवा रात्री पुन्हा दिसला. पातूरहून सलीमभाईंनी फोनवर सांगितलं, आणि मागून रुखसानाभाभी म्हणाल्या, "हो भाऊ, मीनंबी पाह्यला."

पहिल्यांदा दिसला तेव्हा मी तिथेच होतो. गेल्या महिन्यात बातमीच्या कामानं पातूरला गेलो, अकोल्याची शेवटची एसटी चुकली आणि मुक्काम सलीमभाईंकडे पडला. जुना स्नेह. बाजारात त्यांचं बांगड्यांचं दुकान आहे, आणि डोंगराच्या पायथ्याशी थोडी शेती...

त्या आठवड्यात शेतीची लाईन, म्हणजे वीज, रात्रीची होती. सोयाबीन हातचं गेलेलं, घरची वर्षभराची पोळी गव्हावर, आणि गहू ऐन ओंबीत. पाणी चुकवून चालणार नव्हतं. जेवणं आटोपून आम्ही तिघं शेतात गेलो.

सलीमभाई विहिरीवर मोटरपाशी, भाभी पार खालच्या टोकाला. इतक्या लांबून हाक पोचत नाही. म्हणून शेवटचा वाफा भरला की भाभी बॅटरी वर-खाली करतात आणि इकडे मोटर बंद होते. वर्षानुवर्षं असंच चाललेलं.

मी ब्लँकेट गुंडाळून सलीमभाईंजवळ बसलो. काही वेळानं खाली उजेड वर-खाली झाला. त्यांनी मोटर बंद केली. "चला भाऊ, झालं आजचं."

मग चिखलानं माखलेल्या पायांनी भाभी अंधारातून वर आल्या. "मोटर कायकू बंद करे जी? आधे वाफे सुके पडे हैं."

"तुमनेच तो बॅटरी दिखाई."

"मेरी बॅटरी के सेल कबके गए. अंधेरे में फावडा चला रही मैं."

आम्ही तिघांनीही खाली पाहिलं. उजेड होता... बांधापलीकडे, माणसाच्या उंचीवर, पिवळसर. झोत नाही, आवाज नाही. तिकडे रस्ता नाही की वस्ती नाही, नुसता नाला आणि त्यामागे डोंगर.

सलीमभाई हसरा माणूस. पण हळूच म्हणाले, "घर चलो."

भाभी जागच्या हलल्या नाहीत. "और गेहूं? कल लाईन आएगी के नहीं, किसकू मालूम?" मग माझ्याकडे वळल्या. "भाऊ, थंडीनं कापून राहिले का भेवानं?"

"दोन्हीनं," मी म्हणालो.

"मंग तुमी मोटरजवळ बसा. मोबाईल द्या तुमचा. पाणी पोचलं का मी गोल फिरवीन. त्याले गोल फिरवता येते का, पाहू."

मोटर पुन्हा लावून दोघं खाली गेले. मी एकटाच बटणापाशी... एक उजेड जागच्या जागी, दुसरा त्याच्याकडे चालत निघालेला. दुसरा कुठल्यातरी वाफ्याशी थांबला आणि मला कोणता कोणाचा ते कळेना.

बऱ्याच वेळानं एक उजेड वर-खाली झाला. माझा हात बटणावर गेला... आणि तिथेच राहिला. पुन्हा वर-खाली झाला. मी हललो नाही. मग केव्हातरी, त्याच्या बाजूला, दुसऱ्यानं मोठा गोल काढला. मी मोटर बंद केली.

दोघं वर येईपर्यंत पलीकडचा विझला होता. सगळे वाफे भरले होते.

दुसऱ्या दिवशी वनखात्यातल्या ओळखीच्या माणसाला विचारलं. त्या रात्री तिकडे त्यांचं कोणी गेलं नव्हतं. कारण सापडलं नाही, म्हणून मी बातमीही दिली नाही. पेपरात आलं असतं तर बघ्यांनी तो गहू तुडवला असता, हेही खरंच.

इतकी वर्षं मी लोकांना 'तुम्ही काय पाहिलं?' एवढंच विचारत आलो. पाहिल्यावर पुढे काय केलं, हे विचारायचं त्या दोघांमुळे सुचलं.

सोमवारपासून त्यांची लाईन परत रात्रीची आहे. गव्हाचं एक पाणी राहिलंय. उजेड येईल असं दोघंही धरून चाललेत. तो येवो न येवो, लाईन आली की मोटर सुरू होईल.