चारीवर बसवलेलं चेंबर

माझ्या माहेरी, धावड्याला, वडिलांचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज होतं. बरोबरीच्या मुली विणकाम शिकत होत्या तेव्हा मी पान्यांचे नंबर शिकत होते. लग्न होऊन घनसावंगीकडे आले, पण सासरी हे फारसं बोलले नाही. बोलले असते तर दर दोन दिवसांनी कुणाची तरी पाण्याची मोटर माझ्या ओट्यावर येऊन पडली असती.

मळ्यातली भाजी बाजारात न्यायला आमची जुनी जीप मीच चालवायचे. एका सकाळी गाडीवाटेतला दगड मला दिसला नाही. खालून खाडकन आवाज आला. आरशात पाहिलं तर मागे ऑइलची काळी रेघ. मी तिथल्या तिथे इंजिन बंद केलं. इंजिनाच्या तळाला ऑइल साठवणारं भांडं असतं, त्याला आम्ही चेंबर म्हणतो. ते फुटलं होतं.

सासरे आले, वाकून बघितलं आणि निकाल देऊन मोकळे झाले. "इंजिन गेलं. बाईच्या हातात स्टेरिंग दिल्यावर दुसरं काय व्हनार? देऊन टाकू भंगारात."

"इंजिन न्हाई गेलं मामा, चेंबर गेलंय. मी बसवते."

"तू?"

"मंग काय तुम्ही बसवता?"

तोंडून निघून गेलं खरं. मामा म्हणाले, "उद्या सांजपर्यंत बसव. मंग मी कोनाचं ऐकनार न्हाई."

जीप गेली असती तर माझं चालवणंही गेलं असतं. पुन्हा भाजीच्या पाट्या घेऊन फाट्यावर उभं राहायचं आणि जागा देईल त्याची हांजी हांजी करायची. ते मला नको होतं.

नवऱ्याने जालन्यातून जुनंच, पण धड असं चेंबर मोटरसायकलवर बांधून आणलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच ते कामावर निघून गेले. बायको आणि बापाच्या मध्ये उभं राहण्यापेक्षा कारखाना त्यांना सोपा वाटला असावा.

गाडीखाली शिरायला खड्डा हवा. जीप बंद पडली होती तिथून हाकेच्या अंतरावर कालव्याची चारी होती, शेतांना पाणी देणारा खोल पाट. बैल लावून जीप ओढली आणि चारी मधोमध येईल अशी उभी केली: डावी चाकं या काठावर, उजवी त्या काठावर, खाली मी उताणी. आमचं शिवार कालव्याच्या शेवटाला. पाणी सोडल्याचा निरोप दरवर्षी येतो, पाणी काही येत नाही. त्या वर्षीचाही निरोप आला होता. पण आमच्या चारीत शेळ्या चरतात, बाया वाळवण घालतात, आणि मी इंजिन उघडून बसले.

पुठ्ठ्यावर चेंबरचा आकार काढला आणि निघेल तो बोल्ट त्याच्या त्याच्या जागी पुठ्ठ्यात खोचला. वडिलांची शिकवण. ऑइल गळू नये म्हणून चेंबर आणि इंजिनाच्या मध्ये असतं ते जुनं पॅकिंग दगडासारखं चिकटलेलं, ते घरच्या उलथण्याने खरवडून काढलं. मामा सकाळपासून काठावर हाताची घडी घालून उभे होते. मदत मात्र नाही. मी कधी हरते ते बघायला आलेत, असं मला वाटलं आणि मी अजून जोरात खरवडायला लागले.

नवं पॅकिंग लावून चेंबर वर टेकवलं, निम्मे बोल्ट हाताने अडकवले, तेवढ्यात शेजारच्या शेतातले काका ओरडत पळत आले. "पानी आलं! आपल्या चारीला पानी आलं!" त्यांना हसावं की रडावं कळत नव्हतं. मग त्यांनी जीप बघितली. "काढ गं गाडी! माझा गहू सुकून राह्यला!"

"कशी काढू काका? ऑइल न्हाई, निम्मे बोल्ट बाकी हायत. आन् काठ भिजला की गाडी माझ्याच अंगावर बसंल."

बैल केव्हाच लांबच्या रानात गेले होते. वरच्या वळणावर पाण्याचं तोंड दिसायला लागलं, पुढे काडीकचरा ढकलत येणारं.

"बाहेर नीघ," मामा म्हणाले.

"न्हाई."

"किती वेळ लागंल?"

"अर्धा तास. घाई केली तर पॅकिंग दबून फाटंल, मंग समदं पाण्यात."

मामांनी एकदा पाण्याकडे बघितलं, एकदा चारीच्या कडेच्या आमच्या तुरीकडे. तूर काढणीला आली होती. अशा तुरीत कुणी पाणी सोडत नाही, हाताशी आलेलं पीक नासतं. मामांनी फावडं उचललं, जीपच्या वरच्या अंगाला चारीचा काठ फोडला, पुढे मातीचा बांध घातला आणि सगळं पाणी तुरीत वळवलं. काका काही बोलायला गेले. "अर्धा तास दे मला," मामा त्यांना म्हणाले. काकांनी मान हलवली आणि तेही बांधावर माती टाकायला लागले.

बांध पाझरला. माझी पाठ थंडगार पाण्यात भिजली, पण मी घाई केली नाही. समोरासमोरचे बोल्ट, आधी हलके, मग थोडे घट्ट, मग पुरते. शेवटचा बोल्ट बसला तेव्हा मी बाहेर आले, ऑइल भरलं, इंजिन चालू केलं आणि पुन्हा खाली शिरले. पॅकिंगच्या कडेवरून चहूबाजूंनी पांढरं फडकं फिरवलं. ते कोरडं निघालं. मला इतका अभिमान वाटला की तिथेच चिखलात पडून मी एकटी हसले.

जीप चारीवरून पुढे घेतली. मामांनी बांध मोडला, फोडलेला काठ बुजवला, आणि पाणी काकांच्या गव्हाकडे गेलं. आमची चार-पाच सऱ्या तूर पाण्यात उभी होती.

मी जीप चालवत होते त्याला तीन वर्षं झाली होती. तेवढ्या काळात मामा माझ्या शेजारी एकदाही बसले नव्हते. बाजाराला जायचे ते सुद्धा बसने. आता ते गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन आले, डाव्या बाजूने वर चढले, फावडं मांडीवर आडवं ठेवलं आणि समोर बघत म्हणाले, "चल."