माहेरच्या नदीचा रंग

मी चौथी नापास. पण जठारपेठेतल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या एके काळी माझ्या हातच्या होत्या, हे मी आजही कोणालाही तोंडावर सांगतो. आता सगळीकडे फ्लेक्स लागले. तेव्हा अकोल्यातले ट्रकवाले मागच्या फळीवर चित्र काढून घ्यायला माझ्याकडेच यायचे. डोंगर, सूर्य, नारळाची दोन झाडं अन् खाली नदी. नदी म्हणजे डब्यातला निळा अन् त्यावर पांढऱ्याच्या चार रेघा. त्यासाठी पाण्याकडे बघायची गरज कधी पडली नाही.

बायकोचं माहेर वरूडकडचं. ते गाव धरणात जाणार हे नक्की झालं तेव्हा ती म्हणाली, "सैपाकघराच्या भिंतीवर माह्या गावची नदी काढून द्या. धुन्याचा घाट दिसला पायजे."

एका दुपारात काढून दिली. ती कणकेच्या हातानं येऊन उभी राहिली.

"आमच्या गावात नारय कोठी पायले तुमी? अन् हे पानी हाय का नीळ देल्लं धोतर?"

"पानी निळंच रायते."

"कोनाच्या घरचं?"

दोन दिवस मी घरात जेवलो नाही. तिनंही आग्रह केला नाही. तिसऱ्या दिवशी तिनं पिशवीत माझे रंगाचे डबे भरले अन् मला घेऊन माहेरच्या एसटीत बसली.

घाटावर बसलो. रंग जुळवायचा तर आम्ही पाटीवाले तो अंगठ्याच्या नखावर घेतो अन् वस्तूशेजारी धरतो. निळा घेऊन पाण्याशी धरला, तर माझी मलाच लाज वाटली. काठाशी पाणी कोऱ्या चहासारखं होतं. बाभळीच्या सावलीत शेवाळी. मधे, जिथं आभाळ पडलं होतं, तिथं घासलेल्या जर्मनच्या पातेल्यासारखं. मी पिवळ्यात काळा घातला, जरासा गेरू घातला. दर वेळी नख तिच्यापुढे धरायचं.

"नाई."

"अजून मातकट."

"हं, हे."

तेवढ्यात ढग यायचा अन् जुळलेला रंग पुन्हा चुकायचा. मी पाण्यालाच शिव्या घालायचो. ती पदर तोंडाला लावून हसायची. परत निघालो तेव्हा माझी दहाही नखं रंगलेली होती.

घरी येऊन निळी नदी अन् नारळाची झाडं खरवडली, अन् चार दिवस लावून नवी नदी काढली. ती बघायला आली. मग बाभळीखालच्या एका जागेकडे बोट नेलं.

"इथं डोह हाये. लहानपनी मी इथंच बुडता बुडता वाचली. तुमाले कसं मालूम?"

"पायलं होतं मी."

ती भिंतीपुढे खालीच बसली. कोणी वेणीला धरून बाहेर ओढलं, आईनं कशी झोडपली, सगळं सांगत राहिली. इतक्या वर्षांच्या संसारात हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. ब्रश धूत ऐकत राहिलो.

खरं म्हणजे तिथं माझ्या हातून चुकून काळा जास्त पडला होता. ती वारली, पण हे तिला मी शेवटपर्यंत सांगितलं नाही.