कमी आवाजाची रायफल

नेमबाजी शिकायची म्हणून पहिली एअर रायफल घ्यायला मी नाशिकच्या दुकानात गेले. "सगळ्यात कमी आवाजाची दाखवा," म्हणताच दुकानदाराचा चेहरा बदलला.

"ताई, आवाज कुणाला ऐकू जायला नको?"

"म्हशीला. सराव गोठ्यामागे करणार. दचकली की पान्हा चोरते."

त्याचा विश्वास बसेना. माझं आधार कार्ड त्याने दोनदा न्याहाळलं. मला राग आला. शेवटी म्हणाला, "मीच येऊन बघतो."

संध्याकाळी तो दोन रायफली घेऊन मळ्यात आला. पहिलीच्या आवाजाने म्हैस दावं तोडायला निघाली. दुसरीत त्याने जड छर्रा घातला. छर्रा संथ गेला, आवाज दबकाच झाला आणि म्हैस रवंथ करत राहिली.

"हीच घ्या," तो म्हणाला. जाताना मात्र शेजाऱ्यांकडे माझी चौकशी करून गेलाच.