गार्डची गाठ आणि सदाफुलीचं इंजेक्शन

"बहूजी, ये कॅन्सर है," डॉक्टर म्हणाले, आणि टेबलावरच्या गार्डने त्यांचा हात चाटला.

गार्ड म्हणजे आमचा कुत्रा. सासरे रेल्वेतून रिटायर झालेले, म्हणून हे नाव. मध्य प्रदेश होऊन तेव्हा वीसेक वर्षं झाली असतील. मी लग्न होऊन साताऱ्याहून इंदूरच्या राजेंद्र नगरात आले, त्याला चारच महिने झाले होते. गार्डच्या लघवीच्या जागेतून रक्ताचे थेंब पडत होते. आम्ही उन्हाळी लागली समजून पंधरा दिवस धन्याचं पाणी पाजत बसलो. तुम्ही असं करू नका.

डॉक्टरांनी नाव सांगितलं, ट्रान्समिसिबल व्हेनेरियल ट्यूमर. म्हणजे एका कुत्र्याकडून दुसऱ्याला मिलनातून लागणारी गाठ. कॅन्सर लागतो? मी थक्कच झाले. ते म्हणाले, ह्या गाठीच्या पेशीच एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जातात आणि तिथे वाढतात. गुलाबाची फांदी शेजारणीच्या कुंडीत रुजावी तसं. माणसाला मात्र लागत नाही. खरं तर मी घाबरायला हवं होतं, पण आधी नवलच वाटलं.

ऑपरेशन सोमवारी ठरलं. "खाली पेट लाइएगा," डॉक्टर म्हणाले. माझी हिंदी सिनेमापुरती. साताऱ्यात खाली म्हणजे खाली! सोमवारी मी गार्डला दूध-पोळी भरवली आणि टांग्यात सारा वेळ पोट खाली करून निजवून नेलं. उठायला गेला की दाबायची. सासरे दवाखान्यात पाऊल ठेवत नसत, ते फाटकापाशीच थांबले. डॉक्टरांनी विचारलं, "कुछ खाया तो नहीं?" मी मोठ्या ऐटीत म्हटलं, "दो पोळी!"

भरल्या पोटी भूल दिली तर उलटी श्वासनळीत जाते. ऑपरेशन आठवडाभर पुढे गेलं.

"सूनबाई, खाली पेट म्हणजे उपाशी! इतकं पण नाही समजत?" सासरे फाटकाबाहेर ओरडले. टांगेवाला हसला. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

पुढच्या सोमवारी गाठ काढली. टाके सुकले. आणि दीड महिन्याने पुन्हा रक्त. मी रडत डॉक्टरांना विचारलं, त्या वाया गेलेल्या आठवड्यामुळे का?

"नहीं बहूजी, ये गाँठ कई बार लौटती है."

आता कीमोथेरपी, म्हणजे गाठीच्या पेशी मारणारं औषध, शिरेतून, दर आठवड्याला. नाव व्हिन्क्रिस्टीन. ते सदाफुलीपासून काढतात म्हणे! आमच्या अंगणात तर सदाफुलीचं रान माजलेलं.

"पत्ते मत खिलाना, ज़हर है," डॉक्टरांनी माझ्या मनातलं बरोब्बर ओळखलं.

औषध शिरेबाहेर सांडलं तर मांस सडतं, म्हणून मी गार्डचा पाय घट्ट धरायची. दुसऱ्या दिवशी तो ओकायचा, अन्नाला तोंड लावायचा नाही. मी रोज गाठ चाचपून बघे. लिंबाएवढी होती ती बोराएवढी झाली, मग ज्वारीचा दाणा. पाचव्या इंजेक्शनानंतर बोटाला काही लागेना. तरी डॉक्टरांनी सहावं दिलंच.

त्या दिवशी सासरे आत आले.

"साहब, ये दवा आदमी को भी देते हैं?"

"आदमी की ही दवा है, बाबूजी."

सासरे खुर्चीवर बसले. सासूबाई छातीच्या गाठीने गेल्या, हे मला तेव्हा त्यांच्याच तोंडून कळलं. घरात कोणी बोललंच नव्हतं.

"तिने लपवलं, सूनबाई," गार्डच्या डोक्यावर हात ठेवून ते म्हणाले. "आणि मी पण कधी विचारलं नाही. तू विचारतेस, ते बढिया करतेस."

मला रडू आवरेना.

त्या डॉक्टरांच्या कृपेने गार्ड पुढे सहा वर्षं जगला. मी अजून विचारते, सुनेला, शेजारणीला, कामवालीला. नुसतं कशी आहेस, एवढंच नाही. गाठबीठ लागते का हाताला, कधीपासून, दाखवलंस का.