आधी वास, मग पेचकस

सबूरमामा संगणक उघडण्यापूर्वी त्याचा वास घेत. कॅबिनेटच्या मागच्या जाळीशी नाक नेत, डोळे मिटत आणि एखादा दर्दी अत्तराच्या फायापाशी थबकावा तसे थबकत. माझा जुना संगणक घेऊन मी अंबडच्या त्यांच्या दुकानात पहिल्यांदा गेले, तेव्हाही त्यांनी असाच एक लांब श्वास घेतला आणि डोळे न उघडताच विचारलं, "ताई, ह्यो सैपाकघराला लागून ठेवलाय ना? लसणाची फोडणी बसलीय याच्यात. अन् उदबत्ती याच्याच डोक्यावर लावता." दोन्ही खरं होतं. कनिष्ठ महाविद्यालयात मी मराठी शिकवते. कवितेतल्या गंधप्रतिमांवर तासच्या तास बोलले आहे. माझ्याच घराचा वास मला असा कुणी वाचून दाखवला नव्हता. मी सुखावले, आणि पुढच्याच क्षणी ओशाळले.

हे नाक त्यांना आधीच्या धंद्याने दिलं होतं. तरुणपणी ते शेतातल्या पाण्याच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देत. जळालेल्या तांब्याच्या तारेचा, करपलेल्या वार्निशचा वास हुंगून मोटार कशाने गेली ते सांगत: विहिरीत पाणी नसताना चालली, की विजेचा दाब कमी असताना दामटली. पुढे मोटारींच्या जागी संगणक आले. नाक तेच राहिलं. दुकानाच्या पाटीवर त्यांचं खरं नाव होतं, पण ते कुणी वाचत नसे. कुणीही घाईघाईने पायरी चढलं की आतून पहिला शब्द यायचा, "सबूर." म्हणून सबूरमामा.

मला मात्र सबुरी परवडणारी नव्हती. बारा वर्षं मी आमच्या जिल्ह्यातल्या बायकांच्या तोंडचे शब्द गोळा करत होते. कापूस वेचताना, चूल सारवताना, नवऱ्यावर चिडताना त्यांच्या ओठांतून सहज निसटणारे, आणि त्या बायकांबरोबरच संपत चाललेले शब्द. रविवारी एस.टी.ने एखाद्या गावी जायचं, पाठकोऱ्या कागदांवर टिपून आणायचं, आठवडाभरात संगणकात उतरवायचं आणि कागद फाडून टाकायचे. पसाऱ्याचा मला तिटकारा आहे. एका प्रकाशकांनी कोश छापायची तयारी दाखवली होती आणि त्यांची निरोपावर निरोप पाठवण्याची सवय मला नुकतीच कळू लागली होती. इकडे संगणक असा, की बटण दाबून चहा ठेवावा, उकळावा, गाळावा, पिऊन कप विसळावा, तरी पडद्यावर ते निळं वर्तुळ फिरतंच आहे. एक शब्द लिहावा आणि त्याचं शेवटचं अक्षर उमटण्याची वाट पाहत बसावं. त्या वाट पाहण्यात पुढचा शब्द विरून जाई.

नवा संगणक घ्यावा, तर माझं सारं काम एका जुन्या फाँटमध्ये. नव्या यंत्रावर उघडून पाहिलं तेव्हा बायकांच्या बोलीच्या जागी नुसती वेडीवाकडी चिन्हं सांडली होती. म्हणजे याच म्हाताऱ्याला ताकद द्यायची: मेमरी वाढवायची, किंवा साठवणीची डिस्क बदलायची, किंवा दोन्ही. मी मनाशी ठरवूनच गेले होते.

"मामा, मेमरी वाढवून द्या. बस्स."

"मेमरीच, असं कोण म्हणलं?"

"माझा भाचा."

"कुठं राह्यतो?"

"पुण्याला."

"पुण्यातून वास आला त्याला?" मामांनी इतक्या गंभीरपणे विचारलं, की बाकावर बसलेले बियाण्यांच्या दुकानाचे शेठ तोंडातला चहा सांभाळत बाहेर पळाले.

मग मामांनी मला गृहपाठ दिला. संगणक अडला की समोरचा बारका लाल दिवा पाहायचा. तो लुकलुकतो, की पेटूनच राहतो? आठ दिवस लिहून आणा. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचा ढीग बाजूला सारून मी, चाळिशी ओलांडलेली बाई, एका दिव्याची दैनंदिनी लिहीत बसले. दिवा पेटूनच राहायचा. माझा कागद मामांनी डोळ्यांच्या फार जवळ धरून वाचला आणि म्हणाले, "मंग मेमरीचं दुखणं न्हाई, ताई. मेमरी म्हंजे ओसरी. तुमची ओसरी लहान हाय, कबूल. पण आतल्या कोठीचं दारच उघडंना झालंय, मानसं ओसरीवर येतील कुठून?"

मी मान डोलावली. उपमा सुंदर आहे असं मनात म्हटलं. आणि पुन्हा विचारलं, "म्हणजे मेमरी कधी टाकता?"

मामांचा एक नियम साऱ्या अंबडला ठाऊक होता. आलेल्या प्रत्येकाला ते विचारत, "गेलं तं रडाल, असं काय हाय याच्यात?" उत्तर मिळालं की सांगत, "त्याच्या दोन नकला करा. एक तुमच्या घरी, एक दुसऱ्या गावात. त्याबिगर मी पेचकस लावत न्हाई." दुसरं गाव म्हणजे खरोखरच दुसरं गाव. आग, पाणी, चोर एकाच वेळी दोन गावांत जात नाहीत, असा त्यांचा हिशेब. त्यामुळे अंबडची लग्नं, बारशी, सातबारे आणि नोकरीचे दाखले पेनड्राइव्हमध्ये बसून माहेरी, सासुरवाडीला, मावशीकडे जात. "मामाकडं कंप्युटर टाकायचा तं आधी एस.टी.चं तिकीट काढा," असं गाव हसून म्हणे. शेठनी एकदा फुशारकीने सांगितलं, "माझ्या मशीनमध्ये रडण्यासारखं काहीच न्हाई." मामांनी त्यांचा संगणक उचलून पुन्हा त्यांच्याच मांडीवर ठेवला. "मंग खर्चा कशाला करता? भंगारवाला गल्लीतच हाय."

या हट्टामागे काय आहे ते त्यांनी एकदाच, तेही पाठमोरं उभं राहून सांगितलं. सुरुवातीच्या काळात एका माणसाच्या संगणकात त्याच्या वारलेल्या आईचं बोलणं साठवलेलं होतं. मामांच्या हातून ते पुसलं गेलं. "भांडला असता तं बरं झालं असतं," मामा म्हणाले. "उठून गेला. पुन्हा या गल्लीतून चालला न्हाई."

हे ऐकून माणसाने शहाणं व्हावं. मी चिडले. कारण माझा पेच कुणाला दिसतच नव्हता. संगणक इतका मंद, की नक्कल पुरी होईना. आणि नक्कल झाल्याशिवाय मामा त्याचा मंदपणा काढायला तयार होईनात. दोन रविवार मी पेनड्राइव्ह लावून बसले. पडद्यावरची हिरवी पट्टी इंचाइंचाने सरके आणि शेवटाच्या जवळ येऊन थिजे. माझ्या फोल्डरांचा क्रम मी हिंडले त्या गावांचा होता. सगळ्यात शेवटचं केदारखेडा, तिथल्या चंद्रभागाआजींच्या शब्दांचं. दुसऱ्या रविवारी पट्टी पुन्हा तिथेच थिजली, तेव्हा मी पेनड्राइव्ह उपटून काढला, तसाच जाफराबादला भावाकडे पाठवून दिला, आणि संगणक दुकानात नेऊन ठेवत मामांना सांगितलं, "झाल्या दोन्ही नकला."

"बराबर उघडून बघितल्या?"

"हो." माझ्या आवाजात वर्गातला अधिकार होता. त्या अधिकारावर विद्यार्थी विश्वास ठेवतात, मामांनीही ठेवला.

तरीही काम होईना. मंगळवारी गेले तर, "आज लाइटचा भरवसा न्हाई ताई, काम चालू असताना गेली तं?" शुक्रवारी गेले तर जुन्या यंत्राला चालेल अशी डिस्क मिळाली, पण ती त्यांना आधी दोन दिवस दुसऱ्या मशीनवर चालवून पाहायची होती. पुढच्या बुधवारी त्यांनी नुसतं "सबूर" म्हटलं आणि माझा तोल गेला. भरल्या दुकानात मी म्हणाले, "तुम्हाला जमत नसेल तर सांगा, मामा. मी जालन्याला नेते."

मामा उठले. आतून एक जुनी सुती साडी आणली, माझ्या संगणकाला लेकरासारखं गुंडाळलं, स्वतः उचलून रिक्षात ठेवलं. "आडवा ठेवू नका," एवढंच म्हणाले. त्या साडीला कापसाच्या गाठीसारखा कोरडा, उबदार वास होता. एस.टी.त जालन्यापर्यंत तो माझ्या मांडीवर होता आणि मी रागाने खिडकीबाहेर पाहत होते.

जालन्याच्या दुकानात गारवा होता, काचा होत्या, आणि कसलाच वास नव्हता. तिथल्या गृहस्थांनी काही विचारलं नाही, हे मला त्या दिवशी केवढं सौजन्य वाटलं! मी मेमरी म्हणाले, त्यांनी मेमरी टाकली. दहा मिनिटं. डिस्कचं मीच अर्धवट विचारलं, तर म्हणाले, "चालू आहे की, मॅडम." घरी आल्यावर चार खिडक्या एकदम उघडल्या तरी संगणक कुरकुरला नाही. आठ दिवस मी विजयी मुद्रेने टाइप करत होते. नवव्या दिवशी सकाळी आतून आवाज आला. वाळलेल्या शेंगेत एकच बी वाजावी तसा, टक्... टक्... आणि पडदा काळा झाला.

मी मामांकडेच गेले. दुसरं कुठं जाणार? त्यांनी जाळीशी नाक नेलं, मग डिस्क काढून कानाला लावली, आणि म्हणाले, "गेली. असू द्या. नकल हाय ना?"

तेव्हा मी त्यांना खरं सांगितलं. दुकानातला पंखा फिरत होता, टेबलावरच्या कागदाचा एक कोपरा उचलला जात होता, पडत होता. मला टोमणा हवा होता; टोमण्याला उत्तर देता येतं. मामांनी विचारलं, "कितीवर अडकली होती पट्टी?"

चार दिवस ते त्या डिस्कशी झगडले. काही हाती लागलं नाही. मग त्यांनी दुसऱ्या मशीनवर चालवून पाहिलेली ती नवी डिस्क बसवली, कुठूनशी जुन्या फाँटची सीडी शोधून काढली, जाफराबादहून आलेल्या पेनड्राइव्हमधलं सगळं उतरवलं. अकरा गावं परत आली. बारावं आलं नाही. आणि चंद्रभागाआजी त्या हिवाळ्याच्या सुरुवातीलाच वारल्या होत्या.

मी त्यांच्यावर ओरडले. आजही मला वाटतं, थोडं ओरडायला हवंच होतं. "डिस्क मरतेय हे तुम्ही स्पष्ट का सांगितलं नाही?"

"सांगितल्तं ताई. कोठीचं दार उघडंना, म्हणलो न्हाई का?"

"असं सांगतात का? सरळ शब्दात सांगायचं!"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत खरोखरचं आश्चर्य होतं. कवितेचं शिक्षण मी घेतलं होतं, रूपक त्यांनी योजलं होतं, आणि ते कळलं मात्र मलाच नव्हतं.

मग त्यांनी ड्रॉवरमधून एक वही काढली, पेनाचं टोपण काढलं. "बोला. त्या म्हातारीचा एक तरी शब्द आठवंल. मी लिहून घेतो."

मी आठवू लागले. आजींच्या चुलीतली राख आठवली, धुराने कडवट झालेला चहा आठवला, बोलताना मनगटावर खाली-वर सरकणारा तो एकच गोट आठवला. हसण्यापूर्वी त्या जीभ टाळ्याला लावत, तो आवाज आठवला. शब्द एकही नाही. ते मी संगणकाच्या हवाली केले होते, कागद फाडले होते, आणि तोंडात काही ठेवलं नव्हतं. मामा पेन उघडं धरून बराच वेळ बसले. शाई वाळली असेल. त्या दिवशी त्यांनी मला "सबूर" म्हटलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात डोळ्यांनी अगदीच साथ सोडली, तेव्हा मामांनी दुकान आवरलं आणि ते जाफराबादला मुलीकडे राहायला गेले. निरोपाला मी स्टँडवर गेले होते. हातात एक पिशवी, पिशवीत पेचकसांचा डबा. "आता कुणी विचारलं तर काय सांगू, मामा? मेमरी टाकायची का डिस्क बदलायची?" मी उगाच विचारलं. "तुमचं तुम्ही ठरवा. ठरवल्यावर मला शिव्या द्यायला या," म्हणाले, आणि जीपमध्ये दोन माणसांच्या मधल्या फटीत अंग चोरून बसले.

तिथून ते दर रविवारी फोन करत. कशा आहात वगैरे काही नाही. "ताई, आठवला का एखादा?" मी म्हणे, नाही. "बरं," म्हणून ते ठेवून देत. सहा रविवार, सात रविवार. प्रकाशकांनी कोश बाराव्या गावावाचून छापायचं ठरवलं त्या आठवड्यातही फोन आला, तोच प्रश्न घेऊन, आणि मी म्हणाले, "मामा, कृपा करून आता हे विचारू नका."

"बराबर हाय," ते म्हणाले. त्यांनी पुन्हा फोन केला नाही.

मेमरी नवी, डिस्क नवी. माझा संगणक आता मी खुर्ची ओढेपर्यंत उघडून बसलेला असतो. केदारखेड्याच्या नावाचं एक रिकामं फोल्डर मी त्यात करून ठेवलं आहे. गेल्या महिन्यात दोनदा जाऊन आले. आजींच्या सुनेला विचारलं, शेजारणींना विचारलं. त्या म्हणाल्या, म्हातारी काहीबाही बोलायची खरी. मामांना फोन करावा असं रोज वाटतं. पण विचारू नका असं ज्यांना सांगितलं, त्यांना आपणहून फोन करायचा, तर सांगायला निदान एक शब्द हवा.