नॉर्मलरावांचं रक्त

रक्त काढताना नॉर्मलराव कुणाला "घाबरू नका" असं कधी म्हणायचे नाहीत. "उपाशीपोटी आलात ना? घरी कोण कोण असतं?" असं काहीबाही विचारत राहायचे, आणि समोरचा घरची माणसं मोजेपर्यंत नळी भरलेली असायची. तान्ह्या बाळांचं रक्त काढायचं असलं की लॅबवाले त्यांनाच हाक मारत.

खरं नाव वेगळं होतं, पण ते पगाराच्या कागदापुरतं. 'नॉर्मलराव' या नावामागे लॅबची एक जुनी सवय होती. मशीनमध्ये तपासणीचं नवं रसायन घातलं किंवा आकड्यांवर भरवसा बसेना, की आधी यांचं रक्त लावून बघायचं. यांचे आकडे वर्षानुवर्षं जागचे हलत नसत. ते चुकीचे आले तर मशीन बिघडलं, माणूस नाही. आणि हा गडीही असा मिरवणारा, की कुणी म्हणायच्या आधीच बाही वर करायचा.

मग तिथे संशोधन करणाऱ्या डॉक्टरबाई आल्या. किडनीचा कॅन्सर झालेल्यांचं रक्त आणि धडधाकट माणसांचं रक्त त्या ताडून बघणार होत्या. जीवनसत्त्वं, चरबी, प्रथिनांचे तुकडे, खाल्लेलं अन्न अंगी लागताना मागे उरणारे बारीकसारीक पदार्थ. कुणाच्या रक्तात काय जास्त, काय कमी, आणि त्यावरून धोका आधी ओळखता येईल का. धडधाकटांमधली पहिली नळी कुणाची, हे सांगायलाच नको.

"म्हणजे रक्तावरून हा कॅन्सर कळतो?" नॉर्मलरावांनी विचारलं.

"अजून तरी नाही. कळत असता तर मी इथे कशाला आले असते? किडनीसाठी नेहमी तपासतात ते रक्त चांगलं येतं, आणि आत गाठ वाढत असते."

हे त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. मुद्दाम सांगून ठेवतोय.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी सकाळी ते संडासातून बाहेर आल्यावर बायकोला आत लालसर पाणी दिसलं.

"अहो, हे काय?"

"बीट खाल्लं असेल."

"घरात बीट आलंय कधी? आजच्या आज डॉक्टरकडे चला."

डॉक्टर राहिला बाजूला. नॉर्मलराव लॅबमध्ये गेले, स्वतःचं रक्त मशीनला लावलं आणि संध्याकाळी रिपोर्ट तिच्या हातात ठेवला. "बघ, किडनी घोड्यासारखी धावतेय." तिचा जीव भांड्यात पडला. जन्मभर रक्त बघणाऱ्या माणसाला नाही कळणार, तर कुणाला कळणार? लाल पाणी पुन्हा दिसलं नाही. म्हणजे तिला दिसलं नाही.

काही महिने असेच गेले. मग डॉक्टरबाईंना खात्रीसाठी आपल्या धडधाकट माणसांची सोनोग्राफी करून हवी झाली. नॉर्मलराव टेबलावर आडवे पडून सोनोग्राफीच्या डॉक्टरची थट्टा करत होते. "आत सोनं सापडलं तर अर्धं तुमचं." डॉक्टर हसला. मग उजव्या कुशीपाशी त्याचा हात थांबला. "श्वास धरा. सोडा. पुन्हा धरा." आता तो हसत नव्हता. त्याने पडदा त्यांच्याकडे वळवला, तेव्हा नॉर्मलरावांच्या पायाखालची जमीन सरकली. आडव्या माणसाच्या पायाखाली जमीन नसते म्हणा, पण सरकली.

किडनीवर लिंबाएवढी गाठ होती.

तिथून उठून ते तडक लॅबमध्ये आले आणि एका हाताने दुसऱ्या हातातलं रक्त स्वतःच काढलं. आकडे जसेच्या तसे, एकही इकडचा तिकडे नाही.

"मशीन बिघडलंय," ते म्हणाले. "पुन्हा लाव."

मशीनवरच्या मुलीने मान खाली घातली. "सकाळीच तपासलंय. तुमचंच रक्त लावून."

एरवी यावर अख्खी लॅब खो खो हसली असती. आज कुणी वर बघेना. मुलीने खुर्ची पुढे केली, तर ते खुर्चीकडे नुसते बघत उभे राहिले.

घरी बायको वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. त्यांनी सगळं सांगितलं. किडनी काढावी लागणार, गाठ बाहेर पसरली आहे की नाही ते अजून बघायचंय, आधी आलो असतो तर बरं झालं असतं असं डॉक्टर म्हणाले. तिच्या हातातला शर्ट अर्धा घडी होऊन तसाच राहिला. ती रडली नाही. मग तिने विचारलं,

"लघवी तपासायची सोय नाही का तुमच्या लॅबमध्ये?"

"आहे."

"लांब असते?"

"माझ्या शेजारच्याच टेबलावर."

"मग त्या दिवशी रक्तच का तपासलंत?"

नॉर्मलरावांना खोटं बोलणं खूप सोपं होतं. तिने तेही खरं मानलं असतं.

"ते चांगलं येणार, हे मला माहीत होतं," ते म्हणाले.