गुलाबभाऊंनी टाचण्या काढल्या

माजरीच्या कोळसा खाणीत गुलाबभाऊ खोब्रागडे यांनी सव्वीस वर्षं बत्तीघर सांभाळलं. खाली उतरणारा प्रत्येक कामगार खिडकीशी येऊन आपल्या नंबरचा दिवा घ्यायचा, आणि पाळी संपली की तो दिवा परत त्याच नंबरच्या खुंटीला लागायचा. एक खुंटी रिकामी दिसली तरी गुलाबभाऊंना डबा गोड लागत नसे. असा माणूस निवृत्त होऊन भद्रावतीच्या घरी आला, तेव्हा त्यांना पहिल्यांदा नीट दिसलं की आपली बायको कागदांत राहते.

अंजनाबाईंना सोयरिकी जुळवण्याची हौस. समाजात कुणाची पोरगी लग्नाची झाली की तिचा बायोडाटा, वर टाचणीनं लावलेला फोटो, थेट अंजनाबाईंच्या हातात यायचा. हातातून तो फ्रिजवर जायचा, गादीखाली जायचा, शिलाई मशीनच्या खणात जायचा. एकदा गुलाबभाऊंनी आधार कार्ड शोधायला कपाट उघडलं, तर बी.एड. झालेल्या तीन मुली अंगावर पडल्या.

"साक्षीची माय, हे रद्दी काढून टाकू का?"

"रद्दी म्हणू नोका. लोकायच्या पोरी हायेत त्या."

"पोरी असतील. पण तांदळाच्या कोठीत काऊन बसल्या?"

"तिथी ओल लागत नाई," अंजनाबाई म्हणाल्या आणि भाजी चिरायला बसल्या.

तेवढ्यात चामोर्शीहून लेकीचा, साक्षीचा, फोन आला. बाळंतपण जवळ आलं होतं. अंजनाबाई पंधरा दिवसांसाठी तिकडे गेल्या आणि घर गुलाबभाऊंच्या ताब्यात आलं.

त्यांनी बाजारातून पाच फायली आणल्या. दहावी, बारावी, आयटीआय, पदवी, नोकरी. घरभरचे कागद गोळा करून शिक्षणाप्रमाणे लावले. टाचण्या बहुतेक गंजलेल्या होत्या. दुसऱ्याच कागदाला अंगठ्यात एक घुसली, तेव्हा त्यांनी सगळ्याच काढून औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरल्या. फोटो मिठाईच्या खोक्यात ठेवले, मुलं एका बाजूला, मुली एका बाजूला. पहिल्या चार फोटोंच्या मागे नावं लिहिलेली होती. त्यावरून सगळ्यांच्याच मागे असतील असं त्यांनी गृहीत धरलं.

अंजनाबाई नातवाचं तोंड पाहून परत आल्या. कपाट उघडलं, ओळीत उभ्या फायली पाहिल्या, आणि क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर कौतुकच आलं. मग त्यांनी खोकं उघडलं.

"हे फोटो कोनते कोनाचे?"

"मागं नाव हाये ना."

त्यांनी एक फोटो उलटा केला. दुसरा केला. दहावा केला. मागे नुसता पांढरा कागद.

गुलाबभाऊंना वाटलं, ही दोन शिव्या घालील तर बरं होईल. पण अंजनाबाईंनी जमिनीवर चटई टाकली, फोटो पत्त्यांसारखे मांडले आणि नवऱ्याला म्हणाल्या, "बसा. एकेक कागद वाचा."

दोन दिवस ते वाचत होते. "बल्लारशा, नर्सिंग, उंची पाच फूट एक."

"हे पाहा. इच्या मायनं मले बोराचं लोणचं देल्लं होतं." फोटो कागदावर.

"वरोरा, आयटीआय, फिटर."

"हा मिशावाला. तीन वर्सांपासून 'पुढच्या वर्षी परमनंट' म्हणून राह्यला."

गुलाबभाऊ ऐकत गेले. आपण दिवे नंबरावरून ओळखायचो. ही बाई बिननंबराची दीडेकशे घरं डोक्यात घेऊन फिरते, आणि आपण तिला अडगळीत राहणारी समजत होतो. हे त्यांनी मनातच ठेवलं. तोंडानं म्हणाले, "चहा ठेवू का?"

शेवटी तेरा फोटो उरले. अंजनाबाईंनी ते आणि उरलेले तेरा कागद त्यांच्या हातात दिले. "आता गाडी काढा. घरोघरी जाऊन इचारा."

नंदोरीच्या पहिल्या घरात गुलाबभाऊंनी दारातच फोटो दाखवला. "हा तुमचाच पोरगा काय जी?"

"आमचाच!" बाप उठून उभा राहिला. "काऊन, पसंत पडला काय?" आतून पोह्यांची फोडणी ऐकू आली. गुलाबभाऊ खरं काय ते सांगत राहिले आणि पोहे खात राहिले. दुसरीकडे फोटोतल्या नवरदेवानंच दार उघडलं, कडेवर लेकरू. "काकाजी, माहं लगन होऊन दोन वर्स झाले." पण त्यानंही मोकळं सोडलं नाही, मेहुणीचा बायोडाटा हातात ठेवला. कुणी पुतण्याचा दिला, कुणी भाचीचा. तिसऱ्या दिवशी स्कूटरची छोटी डिकी लागेना.

शेवटचा फोटो वरोऱ्याच्या दीपिकाचा. घरात ती एकटीच होती, पायात बूट, धावून नुकतीच आलेली. वनरक्षकाच्या भरतीची तयारी करत होती.

"फोटो माहाच हाये, काकाजी," ती म्हणाली. "पण बाबांनी देल्ला. मले कोनी इचारलं नाई." थोडं थांबून म्हणाली, "वापस द्या ना."

गुलाबभाऊ घुटमळले. कागद बायकोचे, शब्द बापाचा. पण एकाचा दिवा दुसऱ्याच्या हातात त्यांनी नोकरीत कधी दिला नव्हता, आणि ज्याचा त्याला नाकारलाही नव्हता. त्यांनी फोटो दिला, कागदही दिला.

घरी येऊन त्यांनी भीतभीत सांगितलं. अंजनाबाईंच्या कपाळाला आठी पडली.

"तिचा बाप फोन करन, तवा मी काय सांगू?"

"सांग, गुलाबनं हरवला म्हणून."

अंजनाबाईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "ते मात्र आता कोनालेबी पटन," त्या म्हणाल्या आणि हसू आवरेना म्हणून पदर तोंडाला लावला. मग हसू ओसरल्यावर हळूच म्हणाल्या, "बरं केलं तुमी."

बापाचा फोन आठवड्यानं आला. अंजनाबाईंनी ठरल्याप्रमाणे सगळा दोष नवऱ्यावर घातला, वर दोन वाक्यं पदरची जोडली, आणि "पोरीची भरती होऊ द्या, मग पाहू" असं सांगून फोन ठेवला.

डिकीतले बावीस नवे कागद फ्रिजवर गेले. फायलींत अंजनाबाई घरातली बिलं ठेवतात. मात्र आता सोयरिकीसाठी कुणाकडे जायचं झालं की दोघं सोबत जातात. फोटो हातात आला की गुलाबभाऊ पेन काढून मागे नाव लिहितात, आणि आतल्या दाराकडे पाहून विचारतात, "पोरीले इचारलं काय जी?" जे उत्तर येईल तेही नावाखाली लिहितात. अंजनाबाई म्हणतात, यानं फोटो खराब होतो. काही घरांत त्या उत्तराला इतका वेळ लागतो, की तोवर पोहे संपून चहा येतो.